बॉड रेटमधला बोदो

दिवाळीच्या साफसफाईत तुम्ही माळ्यावर चढलाय, असं समजा. जुन्या चादरीखाली काकांचा कॉम्प्युटर सापडतो. विंडोज ९५, भलामोठा मॉनिटर, पिवळट पडलेला कीबोर्ड. गंमत म्हणून प्लग लावता आणि चक्क सुरू होतो की! आत काकांच्या कॉलेजच्या काळातल्या फाइल्स. त्यातच त्यांनी लिहिलेली एक अर्धवट एकांकिका. काका आता नाहीत. त्या एकांकिकेची दुसरी कॉपी कुठेच नाही.

आता ती बाहेर काढायची कशी? पेनड्राइव्ह लावायला जागा नाही. वायफाय, ब्लूटूथ हे शब्दच त्या डब्याला माहीत नाहीत. फ्लॉपी ड्राइव्ह आहे, पण फ्लॉपीला बुरशी लागलीय आणि तुमच्या लॅपटॉपला फ्लॉपी घालायला खाचच नाही. बरं, त्या हार्ड डिस्कचा आवाज ऐकून वाटतंय की ही फार दिवसांची पाहुणी नाही.

घाबरू नका. डब्याच्या मागे बघा. नऊ पिनांचं एक पोर्ट दिसेल. त्याला म्हणतात सिरीयल पोर्ट. बाजारात यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर मिळतो, तो लॅपटॉपला लावायचा. मध्ये एक नल मोडेम केबल. तिचं काम साधं. एका कॉम्प्युटरची बोलायची तार ती दुसऱ्याच्या ऐकायच्या तारेला जोडते. म्हणजे याचं तोंड त्याच्या कानाला आणि त्याचं तोंड याच्या कानाला. जुन्या बाजूला हायपरटर्मिनल उघडायचं, नव्या बाजूला टेराटर्मसारखं एखादं टर्मिनल सॉफ्टवेअर. इकडे काहीतरी टाइप करायचं आणि तिकडे बघायचं.

आणि तिकडे दिसतो निव्वळ कचरा. चौकोन, प्रश्नचिन्हं, वेडीवाकडी अक्षरं.

केबल तुटलेली नाही, कॉम्प्युटर बिघडलेला नाही. फक्त एका बाजूला बॉड रेट ९६०० आहे आणि दुसऱ्या बाजूला भलताच काहीतरी. दोन्हीकडे ९६०० करा, की अक्षरं सरळ रांगेत येऊन उभी राहतात.

इंजिनीअरिंगवाल्यांना हा आकडा नवीन नाही. आर्डुइनोच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आपण तो टाइप करतो आणि विसरून जातो. पण हा ‘बॉड’ म्हणजे काय? हे कुठल्या लांबलचक इंग्रजी नावाचं संक्षिप्त रूप नाही. ते एका माणसाचं आडनाव आहे. तो माणूस कॉलेजात गेला नव्हता. हायस्कूलमध्येही नाही.

शेतातून तारघरात

एमिल बोदो. जन्म ११ सप्टेंबर १८४५, फ्रान्समधल्या ओत-मार्न भागातलं मान्यो हे खेडं. वडील शेतकरी. गावातल्या प्राथमिक शाळेत जेवढं शिकायला मिळालं तेवढंच त्याचं औपचारिक शिक्षण. त्यानंतर शेतावर काम. १८६९ मध्ये, म्हणजे साधारण तुमच्याआमच्याच वयाचा असताना, तो फ्रान्सच्या तारखात्यात शिकाऊ ऑपरेटर म्हणून चिकटला. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रेनी. सगळ्यात खालची पायरी.

खात्याने त्याला मोर्सची कट्ट-कडकट्ट शिकवली. मग ह्यूज यंत्राच्या चार महिन्यांच्या कोर्सला पाठवलं. हे यंत्र त्या काळातलं भारी गॅजेट होतं. त्याला पियानोसारख्या पट्ट्या होत्या. इकडे पट्टी दाबली की दूरच्या गावात कागदाच्या पट्टीवर थेट अक्षर छापलं जायचं. इतर ट्रेनींनी कोर्स केला आणि ते कामाला लागले. बोदोच्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला.

मध्येच १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध झालं. त्यात थोडा काळ सेवा करून १८७२ मध्ये तो पॅरिसमध्ये पुन्हा कामावर आला. वरिष्ठांनी त्याला त्याची कल्पना पुढे न्यायला उत्तेजन दिलं, पण एका अटीवर. हे सगळं ड्युटी संपल्यावर, स्वतःच्या वेळेत करायचं.

रिकामी तार

त्याने पाहिलेली गोष्ट तशी कुणालाही दिसली असती. तारा टाकायला प्रचंड खर्च येत होता. शेकडो किलोमीटर खांब, तार, देखभाल. संदेशांची रांग लागलेली. पण तारेकडे नीट बघितलं तर ती बहुतेक वेळ रिकामीच असायची. एका अक्षराचा झटका जायला क्षणभर लागायचा. मग पुढचं अक्षर दाबेपर्यंत सगळं शांत. ऑपरेटरचा हात कितीही चपळ असला तरी विजेपुढे तो गोगलगायच.

मग त्या रिकाम्या क्षणांत दुसऱ्यांचे संदेश का पाठवू नयेत?

कॉलेज फेस्टचा एक सीन डोळ्यांसमोर आणा. माइक एकच आहे आणि निवेदक पाच. पाचही जणांना वेगवेगळी गोष्ट सांगायचीय. नियम असा की प्रत्येकाने आपली पाळी आली की एकच अक्षर बोलायचं आणि माइक पुढे द्यायचा. समोर पाच श्रोते बसलेत. पहिल्याने फक्त पहिल्या निवेदकाच्या पाळीला कान उघडायचे, दुसऱ्याने दुसऱ्याच्या. माइक पुरेसा वेगाने फिरला आणि कुणाचीही पाळी चुकली नाही, तर पाचही श्रोत्यांना आपापली गोष्ट अखंड ऐकू येईल.

बोदोने हेच केलं. तारेच्या दोन्ही टोकांना त्याने घड्याळासारख्या यंत्रणेवर फिरणारे हात बसवले. हात फिरता फिरता एकेका ऑपरेटरच्या संपर्कपट्टीवरून जायचा आणि तेवढ्या क्षणापुरती तार त्या ऑपरेटरची व्हायची. एका तारेवरून एकाच वेळी पाच संदेश. आज याला टाइम डिव्हिजन मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या पेपरात त्यावर हमखास प्रश्न येतो. पुढे मोबाइलच्या टूजी नेटवर्कमध्ये एकाच फ्रीक्वेन्सीवर अनेकांचे कॉल चालायचे तेही याच पाळीच्या तत्त्वावर.

अट एकच होती, पण ती जीवघेणी होती. पॅरिसमधला हात आणि शेकडो किलोमीटर दूरचा हात अगदी एका लयीत फिरायला हवेत. जरा पुढेमागे झालं की पहिल्याचं अक्षर दुसऱ्याच्या कानात आणि सगळीकडे गोंधळ. त्यामुळे वेळोवेळी दोन्ही हातांची लय जुळवून घ्यावी लागायची. माळ्यावरच्या कॉम्प्युटरच्या बाबतीत तुमचं जे झालं ते हेच. ९६०० बॉड म्हणजे प्रत्येक खूण सेकंदाच्या ९६००व्या भागापुरती टिकणार. ऐकणाऱ्याने वेगळ्या वेगाने मोजायला सुरुवात केली की तो चुकीच्या क्षणी कान उघडतो आणि स्क्रीनवर कचरा येतो.

पाच बोटांची भाषा

वेळेचं गणित सुटलं, पण पाळीत बसेल असं अक्षर कुठून आणायचं? मोर्समध्ये काही अक्षरं आखूड, काही लांब. त्यामुळे पाळीची लांबी ठरवताच येत नाही. बोदोने प्रत्येक अक्षराला सारख्याच लांबीचे पाच खण दिले. प्रत्येक खणात दोनपैकी एक अवस्था. पाच खण म्हणजे ३२ वेगवेगळ्या खुणा. त्यातल्या खुणा वापरून अक्षरांवरून आकड्यांवर जायचं आणि परत यायचं. आपल्या कीबोर्डवरच्या शिफ्टचं हे जणू आजोबांचं रूप.

ऑपरेटरसमोर फक्त पाच पट्ट्या. दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. एका अक्षरासाठी ठरलेल्या पट्ट्या एकदम दाबायच्या, हार्मोनियमवर सूर धरतात तशा. दाबलेल्या पट्ट्या तशाच अडकून राहायच्या. फिरता हात त्यांच्यावरून गेला की टक् असा आवाज करून सुटायच्या. हा टक् म्हणजे ऑपरेटरसाठी ठेका. त्या ठेक्यावरच पुढचं अक्षर दाबायचं, लवकर नाही आणि उशिराही नाही. साधारण वेग मिनिटाला ३० शब्द. म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन अक्षरं, आणि तेही तासन्‌तास. ढोलपथकात वाजवणाऱ्यांना विचारा, ठेका धरून ठेवण्यात किती ताकद जाते ते.

१७ जून १८७४ रोजी त्याने पेटंट घेतलं. पुढच्या वर्षी खात्याने यंत्र स्वीकारलं. १२ नोव्हेंबर १८७७ ला पॅरिस ते बोर्दो या तारेवर चाचणी झाली. त्याच वर्षाच्या शेवटी पॅरिस-रोम ही १७०० किलोमीटरची तार त्याच्या यंत्रावर बोलू लागली. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि शेतकऱ्याच्या पोराचं नाव जगभर झालं. १८८० मध्ये कंट्रोलर, १८८२ मध्ये इन्स्पेक्टर-इंजिनीअर. इंजिनीअरिंगची डिग्री नसलेला इंजिनीअर.

इथे गोष्ट संपली असती तर ती एखाद्या मोटिव्हेशनल रीलला शोभली असती. पण ती इथे संपत नाही.

दुसरं नाव

१८७४ मध्येच आणखी एका फ्रेंच माणसाने पाच एककांवर आधारलेल्या तारयंत्राचं पेटंट घेतलं होतं. लुई व्हिक्टर मिमो. त्याची योजना पाच वेगवेगळ्या तारांची होती. खात्याने ती नाकारली. त्याने सुधारणा करून पुन्हा दिली, ती पण नाकारली. आणि तिकडे बोदोचं यंत्र मात्र स्वीकारलं गेलं. १८७७ मध्ये मिमोने बोदोवर खटला भरला. त्याचं म्हणणं होतं की मूळ कल्पना त्याची आहे.

पॅरिसच्या न्यायालयाने बाहेरच्या तीन तज्ज्ञांची मतं घेतली आणि निकाल चक्क मिमोच्या बाजूने दिला. पाच एककांचा कोड आधी मिमोचा, बोदोची पेटंटं म्हणजे त्यातल्या सुधारणा. पण या निकालावर दोघेही नाखूश होते. पुढे हा निकाल फिरवण्यात आला आणि खटल्याचा सगळा खर्च मिमोच्या माथी आला.

मिमोचा तोल गेला. त्याने गोळ्या झाडून एकोल पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना जखमी केलं. त्या प्रकरणातून तो सुटला. मग त्याने सरकारकडे मागण्या केल्या. पेटंटची मुदत खास कायदा करून वाढवा, एक लाख फ्रँक द्या, लीजन ऑफ ऑनर द्या. त्यावर विचार करायला समिती नेमली गेली. तिचे प्रमुख होते तारखात्याच्या संशोधन विभागाचे ज्यूल रेनो. समितीने मागण्या फेटाळल्या. हे कळल्यावर मिमोने रेनोंना गोळी घालून ठार केलं. त्याला दहा वर्षं सक्तमजुरी आणि वीस वर्षं हद्दपारीची शिक्षा झाली.

रेनोंनी बोदोचं काही चोरलं नव्हतं आणि मिमोचंही नाही. त्यांनी फक्त एका फाइलवर निर्णय दिला होता.

मग कल्पना नक्की कुणाची? खरं सांगायचं तर पाच एककांचा कोड जर्मनीत गाउस आणि वेबर या शास्त्रज्ञांनी १८३४ मध्येच वापरून पाहिला होता. अक्षर छापायची युक्ती ह्यूजची. पाळीपाळीने तार वाटून देणारा वितरक बर्नार्ड मेयरने १८७१ मध्ये केला होता. बोदोने या तिन्ही गोष्टी एकत्र आणल्या आणि त्या रोज, दिवसभर, न अडखळता चालतील असं यंत्र उभं केलं. तुमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये आयडिया माझी होती यावरून भांडण झालं असेल, तर हे सगळं ओळखीचं वाटेल. आयडिया बहुतेक वेळा हवेतच असते आणि एकाच वेळी दोघातिघांच्या डोक्यात येते. नाव मात्र एकाचंच राहतं. यात बोदोची काही चूक होती असं नाही. पण मिमोला नुसता खलनायक ठरवून पुढे जाणंही मला जमत नाही. दोनदा नाकारलेली फाइल हातात घेऊन उभं राहणं काय असतं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक आहे. त्या फाइलपुढे माणसाचा जीव स्वस्त झाला, तिथे सगळं संपलं.

तीन महिने

बोदोचं स्वतःचं आयुष्यही काही सुखाचं गेलं नाही. तारखात्यात लागल्यानंतर थोड्याच काळात त्याला शारीरिक त्रास सुरू झाला. त्यामुळे तो वारंवार रजेवर असायचा. हा त्रास जन्मभर सुटला नाही. म्हणजे जे काही त्याने केलं ते आजारपण, ड्युटी आणि कोर्टकचेरी यांच्यामधल्या रिकाम्या वेळात. रिकामा वेळ शोधायची सवय त्याला यंत्रापुरतीच नव्हती, असं आता वाटतं.

जानेवारी १८९० मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्याने मारी लांग्रोन्ये हिच्याशी लग्न केलं. एप्रिलमध्ये ती वारली. संसार झाला तो तीन महिन्यांचा. २८ मार्च १९०३ रोजी पॅरिसजवळच्या सो या गावी त्याचं निधन झालं. वय ५७.

नाव राहिलं ते असं

त्याच्या मागे कोड बदलत गेला. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डोनल्ड मरेने १९०१ च्या सुमारास टाइपरायटरसारखा कीबोर्ड आणला. आता ऑपरेटरला पाच पट्ट्यांची कसरत करायची गरज उरली नाही. मग मरेने खुणा अशा लावल्या की सारखी लागणारी अक्षरं छापताना यंत्राची झीज कमी व्हावी. त्यातून टेलिप्रिंटर वाढले. १९२० च्या दशकात तारेवरचा वेग मोजायला एक एकक हवं होतं, तेव्हा बोदोच्या नावावरून त्याला बॉड हे नाव दिलं गेलं. एका सेकंदात तारेवरची खूण किती वेळा बदलू शकते, तो आकडा म्हणजे बॉड. सिरीयल केबलवर बॉड आणि बिट प्रतिसेकंद एकच असतात, मोडेममध्ये ते वेगळे असू शकतात. व्हायवाला हे विचारतात, लक्षात ठेवा.

हे सगळं काही दूर फ्रान्समध्येच राहिलं असं नाही. ब्रिटिश काळात भारताच्या तारखात्यातही बोदो यंत्रं वापरात होती. पुढे कित्येक वर्षं वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांमध्ये टेलिप्रिंटर रात्रंदिवस खडखडायचे आणि जगभरच्या बातम्या कागदाच्या भेंडोळ्यावर उतरायच्या. तुमच्या हातात असलेली ही पुरवणी त्याच व्यवसायातली आहे. भारतातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तार गेली, पण टेलिप्रिंटर गेला नाही. १९६३ मध्ये आस्की कोड आला, पाचाचे सात खण झाले. टेलिटाइप यंत्रं कॉम्प्युटरला जोडली गेली आणि तीच त्यांचा कीबोर्ड नि पडदा झाली. लिनक्सवाल्यांनो, तो यूएसबी-टू-सिरीयल कन्व्हर्टर लावून बघा. सिस्टिम त्याला टीटीवाय यूएसबी शून्य असं नाव देते. त्यातलं टीटीवाय म्हणजे टेलिटाइप.

परत माळ्यावर

तर आता ९६०० जुळलंय. डेटा बिट आठ, पॅरिटी नाही, स्टॉप बिट एक, हेही दोन्हीकडे सारखं करा. नव्या बाजूला एक्समोडेमने फाइल घ्यायला सांगा, जुन्या बाजूने पाठवा. घाई करू नका. या वेगाला एका सेकंदात जास्तीत जास्त ९६० अक्षरं जातात. एका फ्लॉपीभर मजकुराला कमीत कमी २५ मिनिटं लागतील. तोवर चहा टाका.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर ऐनवेळी धीर सुटेल. फाइल लॅपटॉपवर उघडल्यावर परत कचराच दिसायची शक्यता आहे. या वेळी दोष बॉड रेटचा नाही. त्या काळात मराठी टाइप करायला श्रीलिपी, आकृती असे फॉन्ट वापरायचे आणि प्रत्येकाचा कोड वेगळा. कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर, हे तुमच्या नव्या कॉम्प्युटरला ठाऊकच नाही. अशा फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर मिळतात. फॉन्ट कुठला होता ते शोधा आणि चालवा.

म्हणजे दोनदा अडलात आणि दोन्ही वेळा बोदोच्याच प्रश्नावर. आधी लय जुळायला हवी, मग खुणेचा अर्थ. दोन्ही टोकांना या दोन गोष्टी सारख्या असल्या की मध्ये तीस वर्षं असोत नाहीतर १७०० किलोमीटर, निरोप पोचतो.

आणि हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका. त्या हार्ड डिस्कचा आवाज आठवतोय ना? काकांची एकांकिका अर्धीच आहे. शेवट कुणीतरी लिहायचाय.